जिना चढणारे आजोबा दारात का अडतात?

समजा, तुमच्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांना कंपवात झालेला आहे. संध्याकाळी ते फिरून येतात, कठडा धरून दोन मजल्यांचा जिना एकेक पायरी नीट चढतात आणि स्वतःच्या घराच्या दारात येऊन एकाएकी थांबतात. पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. गुडघे थरथरतात, पण पाऊल काही उचलत नाही. आतून कोणीतरी म्हणते, "अहो, एवढा जिना चढून आलात, आणि आता सपाट जमिनीवर काय झाले? मुद्दाम करता की काय?" आजोबा काही बोलत नाहीत. त्यांना स्वतःलाही ते सांगता येत नाही.

आजोबा खरेच मुद्दाम करतात का? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी एक फार साधी वाटणारी गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपण उभे कसे राहतो?

उभे राहणे हेही एक काम आहे

एक लांब काठी घ्या आणि ती तळहातावर उभी तोलून धरण्याचा प्रयत्न करा. काय आढळते? हात स्थिर ठेवला की काठी पडते. काठी उभी राहावी म्हणून हात सतत थोडाथोडा इकडेतिकडे हलवावा लागतो. आपले शरीरही या काठीसारखेच आहे. उंच, वरचा भाग जड आणि खाली टेकायला फक्त दोन पावले!

उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारणपणे कमरेच्या भागात, ओटीपोटाच्या आत असतो. त्या बिंदूपासून खाली सोडलेली लंबरेषा दोन्ही पावलांनी वेढलेल्या जागेत पडते तोपर्यंत आपण उभे राहतो. ही जागा म्हणजे आपले आधारक्षेत्र. पाय फाकवून उभे राहिले की ते वाढते आणि पाय जुळवले की कमी होते. एस.टी.त उभ्याने प्रवास करताना आपण पाय फाकवतो ते यासाठीच.

ही लंबरेषा घोट्याच्या किंचित पुढे पडते. म्हणजेच शरीराचा कल सतत पुढे पडण्याकडे असतो. त्याला मागे ओढून धरण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. उभे राहून पोटरीला हात लावा आणि अगदी थोडे पुढे झुका. पोटरी कडक झालेली हाताला कळेल. अगदी स्तब्ध उभे असतानाही आपण थोडेथोडे डोलत असतो आणि हे स्नायू आपल्याला पुनःपुन्हा सावरत असतात. आपल्याला मात्र त्याचा पत्ताही नसतो.

तीन खबरे

शरीर कोणत्या बाजूला कलले आहे हे मेंदूला कळते कसे? त्यासाठी त्याच्याकडे तीन खबरे आहेत.

पहिला खबऱ्या म्हणजे डोळे. भिंत, खांब, दार यांच्या उभ्या कडा पाहून आपण सरळ आहोत की नाही हे ते सांगतात.

दुसरा खबऱ्या म्हणजे अंतर्कर्ण. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून डोके कोणत्या दिशेने वळले ते समजते. शेजारी दोन लहान पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्या भारावरून डोके किती कलले ते समजते.

तिसरा खबऱ्या म्हणजे आपली पावले, सांधे आणि स्नायू. तळव्यावर कोठे किती दाब आहे, घोटा किती वाकला आहे, याच्या बातम्या मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे सारख्या जात असतात.

आता एक प्रयोग करा. शेजारी मित्राला उभे करा. एका पायावर उभे राहा आणि किती सेकंद राहता येते ते मोजा. मग तोच प्रयोग डोळे मिटून करा. बहुतेकांचा वेळ पुष्कळच कमी होतो. एक खबऱ्या गप्प बसला की उरलेल्या दोघांवर किती ताण पडतो ते यावरून दिसते. (हे प्रयोग तुम्ही आणि तुमच्या मित्रांनीच करायचे. घरातील वृद्ध माणसांना करायला लावू नका.)

सावरणे दोन प्रकारचे

आपण एस.टी.त उभे आहोत आणि चालकाने एकदम ब्रेक लावला. हिसका लहान असेल तर आपण फक्त घोट्यांतून सावरतो. मोठा असेल तर कमरेत वाकतो. त्याहून मोठा असेल तर चटकन एक पाऊल पुढे टाकतो. हे सारे सुमारे एक दशांश सेकंदात सुरू होते. "मी आता पडतो आहे, तेव्हा पाऊल टाकावे," असा विचार करायला तेवढा वेळ पुरत नाही. मेंदूचा खालचा भाग हे काम आपल्याला न विचारता उरकतो.

सावरण्याचा दुसरा प्रकार याहूनही नवलाचा आहे. त्यात तोल जाण्याच्या आधीच आपण सावरलेले असतो! त्यासाठी पुढील प्रयोग करा. उजवा खांदा आणि उजव्या पावलाची बाहेरची कड भिंतीला पूर्ण चिकटवून उभे राहा. आता डावा पाय बाजूला उचलून तसाच धरून ठेवा. जमले? जमणार नाही. पाय उचलला की तो लगेच खाली टेकावा लागतो.

असे का होते? डावा पाय उचलायचा तर शरीराचा सारा भार आधी उजव्या पायावर न्यावा लागतो आणि त्यासाठी शरीर थोडे उजवीकडे सरकावे लागते. भिंतीने तीच वाट अडवली. एरवी प्रत्येक पाऊल टाकण्यापूर्वी शरीर असे सरकत असते, पण ते आपल्या लक्षात येत नाही.

मॉस्कोमधील शास्त्रज्ञ व्हिक्टर गुरफिंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये असे दाखवून दिले, की उभ्या माणसाला हात वर करायला सांगितले तर हाताच्या स्नायूंच्या आधी त्याच्या पायांचे स्नायू काम सुरू करतात. हात पुढे गेल्यावर तोल जाणार, हे मेंदूला आधीच ठाऊक असते आणि तो तशी तजवीक करून ठेवतो.

ही न मागता होणारी तजवीक हेच आपल्या तोलाचे मर्म आहे. कंपवातात नेमकी तीच बिघडते.

सहा रुग्णांची हकिगत

१८१७ मध्ये लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी थरथर होणाऱ्या एका विकारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन केले होते आणि त्यांपैकी काही तर त्यांनी रस्त्यातच पाहिलेले होते. हातांच्या कंपाबरोबर आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही. हे रुग्ण पुढे वाकून चालत आणि चालता चालता त्यांना जणू धावणे भाग पडे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील शार्को यांनी या विकाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. ११ एप्रिल हा पार्किन्सन यांचा जन्मदिवस जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो.

पार्किन्सन यांना विकार दिसला, पण त्याचे कारण कळायला जवळजवळ दीड शतक जावे लागले. मेंदूच्या मध्यभागी खोलवर काळसर रंगाच्या मज्जापेशींचा एक पट्टा असतो. त्याला सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे 'काळा पदार्थ', असे नाव आहे. या पेशी डोपामाइन नावाचे रसायन तयार करतात आणि ते बेसल गँग्लिया या पेशीपुंजांकडे पोहोचवतात. सवयीच्या हालचाली सुरू करणे, त्यांचा आवाका ठरवणे, एक हालचाल संपवून दुसरीकडे वळणे ही कामे या पुंजांच्या मदतीने होतात. कंपवातात या काळ्या पेशी हळूहळू मरत जातात. हाताचा कंप किंवा हालचालींतील मंदपणा दिसू लागतो, तोपर्यंत त्यांतल्या पुष्कळशा नाहीशा झालेल्या असतात.

हा शोध लागला त्यात आपल्या ओळखीच्या दोन वनस्पतींचा संबंध येतो. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले. हे औषध सर्पगंधेच्या मुळांतून मिळते. ससे निपचित पडले. मग त्यांना लेव्होडोपा हे द्रव्य टोचताच ते उठून हालचाल करू लागले! लेव्होडोपापासून मेंदूत डोपामाइन तयार होते. १९६० मध्ये व्हिएन्नामध्ये हॉर्निकिएविच यांना कंपवाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूत डोपामाइन फारच कमी आढळले. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी लेव्होडोपाच्या वाढत्या मात्रा देऊन रुग्णांना चालते केले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. हेच लेव्होडोपा खाजकुयलीच्या बियांत असते आणि १९३७ मध्ये दामोदरन व रामस्वामी या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ते त्या बियांतून वेगळे काढले होते. मात्र बियांतील प्रमाण कमीजास्त असते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या कोणी घेऊ नयेत.

तोल का जातो?

कंपवातात डोळे, कान आणि पावले हे तिन्ही खबरे बहुतांशी आपले काम करीत असतात. बिघाड होतो तो आलेल्या बातम्या जुळवण्यात आणि त्यांना योग्य मापाचे उत्तर देण्यात.

डॉक्टर याची एक परीक्षा घेतात. ते रुग्णाच्या मागे उभे राहतात, त्याला आधी सूचना देतात आणि त्याचे खांदे एकदम मागे ओढतात. निरोगी माणूस एकदोन पावले मागे टाकून सावरतो. ज्याचा तोल बिघडला आहे तो छोटीछोटी अनेक पावले मागे टाकत जातो, किंवा एकही पाऊल न टाकता लाकडाच्या ओंडक्यासारखा मागे पडतो. डॉक्टर त्याला झेलायला तयारच असतात. ही परीक्षा जाणकारांनीच घ्यायची असते. गंमत म्हणून कोणाचे खांदे ओढू नका.

येथे काय घडते? स्नायू ताठ असल्याने शरीर लवचिकपणे वाकत नाही. सावरण्याचे पाऊल पडते, पण ते फार लहान पडते. त्यामुळे गुरुत्वमध्याची लंबरेषा आधारक्षेत्राच्या बाहेरच राहते आणि लगेच दुसरे, तिसरे पाऊल टाकावे लागते. पुढे वाकून चालणारा रुग्ण जणू आपल्याच गुरुत्वमध्याचा पाठलाग करीत असतो. पार्किन्सन यांनी पाहिलेले 'धावणे' ते हेच. पडताना हातही वेळेवर पुढे येत नाहीत. म्हणून खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याच्या धास्तीने चालणेच कमी करतो. मग पाय दुबळे होतात आणि तोल आणखी बिघडतो.

औषधाने हालचालींचा मंदपणा व ताठरपणा पुष्कळ कमी होतो. तोलाला मात्र त्याचा तेवढा उपयोग होत नाही. कारण तोल सांभाळण्यात डोपामाइनखेरीज इतर रसायनांवर चालणाऱ्या मज्जापेशींचाही वाटा असतो आणि या विकारात त्यांनाही झळ पोहोचते.

कंपवाताशी साम्य असणाऱ्या काही विकारांत तर तोल फार लवकर जातो. १९६४ मध्ये टोरांटो येथील स्टील, रिचर्डसन व ओल्शेव्स्की यांनी अशा एका विकाराचे वर्णन केले. त्याला प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी म्हणतात. त्यातील रुग्ण सुरुवातीपासूनच, बहुधा मागे पडतात आणि त्यांना नजर खाली वळवणे कठीण जाते. त्यांच्या दृष्टीने जिना उतरणे धोक्याचे, कारण पायरीच नीट दिसत नाही! मल्टिपल सिस्टिम अॅट्रोफी नावाच्या दुसऱ्या विकारात बसलेला माणूस उभा राहताच त्याचा रक्तदाब उतरतो आणि घेरी येते. तेव्हा 'पडतात' एवढे पाहून भागत नाही. कसे पडतात, कोणत्या बाजूला आणि केव्हा, हेही डॉक्टरांना सांगावे लागते.

दाराचे कोडे

आता आपल्या आजोबांकडे वळू. सपाट जमिनीवर पहिले पाऊल टाकायचे तर शरीराचा भार आधी एका पायावर गेला पाहिजे, हे तुम्ही भिंतीच्या प्रयोगात पाहिले. ही तजवीक एरवी आपोआप होते. आजोबांच्या मेंदूत ती आपोआप सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन मध्येच अडखळते. गुडघे थरथरतात ते त्यामुळे. दार, अरुंद वाट, वळण, समोर आलेले माणूस, कोणीतरी केलेली घाई, अशा वेळी ही अडचण जास्त येते.

मग जिना कसा जमतो? लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी मेंदूज्वराच्या एका जुन्या साथीनंतर कंपवातासारखा विकार जडलेल्या रुग्णांचा दीर्घ अभ्यास केला. त्यांचा ग्रंथही १९६७ मध्येच निघाला. त्यांना असे आढळले, की जमिनीवर चालण्याच्या दिशेला आडव्या रेषा आखल्या तर अडलेले रुग्ण त्या ओलांडत चालू लागतात. येथे पाऊल सवयीने पडत नाही. डोळे खूण दाखवतात, लक्ष त्या खुणेवर जाते आणि मेंदू दुसऱ्या वाटेने पायांना हुकूम देतो. बिघडलेला रस्ता टाळून वळणाच्या रस्त्याने गावाला जावे, तसेच हे. जिन्याची प्रत्येक पायरी ही अशीच एक आडवी रेषा असते!

पुण्यात वाढलेल्या मिलेहा सोनेजी या आरेखनकार तरुणीच्या काकांना हा विकार होता. ते जिना सहज उतरतात आणि सपाट जमिनीवर अडतात, हे तिने पाहिले. तेव्हा तिने जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असे चित्र अंथरले आणि काका त्यावरून न अडता चालत गेले. २०१५ मध्ये एका व्याख्यानात तिने ही हकिगत सांगितली. नेदरलँड्समधील डॉक्टर बास ब्लूम यांनी २०१० मध्ये याहून नवलाचे उदाहरण प्रसिद्ध केले. त्यांचा एक रुग्ण धड चार पावले चालू शकत नव्हता, पण सायकल मात्र उत्तम चालवत होता!

तेव्हा जिना चढणे आणि दारात अडणे ही दोन्ही खरी आहेत. आजोबा मुद्दाम काहीही करीत नाहीत.

तुम्ही काय करू शकाल?

आणखी एक छोटा प्रयोग करा. पाण्याने काठोकाठ भरलेला पेला घेऊन चाला आणि चालताना १०० मधून ७ वजा करीत जा: ९३, ८६, ७९... एक तर पाणी सांडेल, नाही तर आकडा चुकेल, नाही तर चाल मंदावेल. कंपवात झालेल्या माणसाचे साधे चालणेही या भरलेल्या पेल्यासारखे झालेले असते. प्रत्येक पावलाकडे लक्ष द्यावे लागते. म्हणून ते चालत असताना, विशेषतः वळत असताना, त्यांना प्रश्न विचारू नका. त्यांच्या हातात सामान देऊ नका.

ते अडले तर हाताला धरून पुढे ओढू नका. ओढल्याने वरचे शरीर पुढे जाते, पाय मागेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. त्यांच्या शेजारी उभे राहा, आपला हात आधाराला द्या आणि म्हणा, "थांबा. घाई नाही. आधी या पायावरून त्या पायावर डोलू या. आता पाऊल टाका." शाळेच्या कवायतीतले "डावा, उजवा, डावा, उजवा" येथे फार उपयोगी पडते, कारण कानाने ऐकलेला ठेकाही डोळ्यांनी पाहिलेल्या रेषेसारखेच काम करतो.

घरात ते नेहमी अडतात त्या जागी, वडीलमाणसांना विचारून, फरशीच्या रंगापेक्षा वेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावा. दोन पट्ट्यांत एका पावलाएवढे अंतर ठेवा आणि त्यांच्या कडा उचकटलेल्या नाहीत ना, हे पाहत जा. वाटेतली सुटी सतरंजी, पायपुसणे, चपला उचला. मागे वळायचे असेल तर जागच्या जागी गर्रकन न वळता मोठे वळण घेऊन वळायला सुचवा.

व्यायामाचाही चांगला उपयोग होतो. अमेरिकेतील ऑरेगन येथे १९५ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ताइ ची हा चिनी पद्धतीचा संथ व्यायाम आठवड्यातून दोनदा, याप्रमाणे २४ आठवडे करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. मात्र कोणता व्यायाम करावा हे डॉक्टरांनी किंवा व्यायामोपचार तज्ज्ञांनी सांगायचे.

रात्री झोपण्यापूर्वी दिवा मालवून, अंधारात क्षणभर उभे राहून पाहा. पोटऱ्या, घोटे, कान, मेंदू सारे तुमच्यासाठी निमूटपणे काम करीत असतील. ज्यांना हे काम आता स्वतः लक्ष देऊन करावे लागते, त्यांना दारात दोन मिनिटे जास्त लागली तर आपण थांबायला काय हरकत आहे?